तळ्यात शिंपले सोडण्याआधी

संपादक महोदय,

सोलापूरच्या कंबर तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांत सध्या एका व्हिडिओची चर्चा आहे. एका काचेच्या भांड्यात गढूळ पाणी, दुसऱ्यात तेच पाणी आणि मूठभर शिंपले. काही तासांत दुसरे भांडे नितळ. असले शिंपले आणून तळ्यात सोडले की जलपर्णीही जाईल आणि वासही, असे आमच्या कट्ट्यावर ठरूनही गेले. जलपर्णीचा आणि शिंपल्यांचा संबंध काय, हे कोणी विचारले नाही.

व्हिडिओ खोटा असेल असे नाही. काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या परिसरातला नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळतो. जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून तो उत्तर अमेरिकेत पोचला. 1988 मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडला आणि तिथून तिथल्या महासरोवरांत (ग्रेट लेक्स) पसरला. त्यांतल्या एरी सरोवराचे पाणी खरोखरच नितळ झाले. पण गाळून निघाले काय? ज्यावर माशांची पिल्ले वाढतात ते सूक्ष्म तरंगते जीव आणि शेवाळ. ऊन खोलवर पोचू लागले, तसे तळाशी तंतुमय शेवाळ माजले आणि काठाला लागून कुजू लागले. विषारी निळे-हिरवे शेवाळ मात्र हा शिंपला पुष्कळदा गिळत नाही, चिकट द्रवात गुंडाळून परत टाकतो. म्हणजे नको तेच उरते! तिथल्या मूळ शिंपल्यांच्या पाठीवर तर हे पाहुणे असे थरांनी बसले, की त्यांना शिंपा उघडणेही कठीण झाले.

पाइपचे वेगळेच. 1989 मध्ये मिशिगनमधल्या मन्रो शहराचे पाणी तुटले, त्याला नळकांड्यांत साचलेले हे शिंपले कारणीभूत होते. उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड भरून ठेवणाऱ्या सोलापूरकरांना याहून जास्त सांगायला नको.

आपला उन्हाळा झेब्राला सोसवणार नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे, कढत पाणी त्याला मानवत नाही. पण उष्ण पाण्यातलेच पाहुणे आपल्याकडे आलेले आहेत. उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात चिलापी तर रोजचीच, आता सकर मासाही सापडतो. घरच्या काचपेटीतले शेवाळ खातो म्हणून तो विकला जातो, मोठा झाला की डोईजड होतो, मग कोणीतरी दया येऊन पाण्यात सोडून देतो. 2021 मध्ये अमेरिकेत काचपेटीसाठी विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांत झेब्रा शिंपले निघाले होते, तेव्हा दुकानांतून ते गोळे मागे घ्यावे लागले.

तेव्हा महापालिकेने सिद्धेश्वर आणि कंबर तलावावर 'निर्माल्य टाकू नये' या पाटीखाली 'काचपेटीतले मासे, शिंपले, वनस्पती सोडू नयेत' अशी एक ओळ वाढवावी. आणि शहरातल्या मत्स्य दुकानदारांनी नको झालेले मासे परत घ्यावेत. कट्ट्यावरच्या मंडळींना मी सांगितले आहे, पण छापून आले तर ती ऐकतील.

– एक वाचक, सोलापूर