‘ब’च्या पोटातली रेघ : एका टॅटू आर्टिस्ट ताईंना जाहीर आभारपत्र

ताई,

स. न. वि. वि.

टॅटू पूर्ण बरा झाला. पापुद्रे गळाले, ती ओलसर चकाकीही गेली. आता ‘आबा’ ही दोन अक्षरं कातडीतच उगवल्यासारखी दिसतात. त्या दिवशी निघताना ‘थँक्यू’ म्हणून झालं, पण ते चपला घालता घालता. आभार नीट मानायचे राहिले होते. ते चारचौघांत मानतोय, कारण पहिल्यांदा टॅटू काढायला निघालेला माणूस फार एकटा असतो. घरचे विरोधात, मित्र उत्साहात आणि दुकानवाले घाईत.

आभार सगळ्याचेच आहेत, पण सगळ्यात जास्त एका फोटोचे.

पोस्टकार्डाखालची आबांची सही तुमच्यापुढे ठेवली होती. रुंदी ११ मिलिमीटर. तश्शी आणि तेवढीच हवी, अशी मागणी. तुम्ही सहीवर स्टीलची पट्टी ठेवलीत, मग काही न बोलता टॅबवर फोटो सरकवत गेलात आणि एका फोटोपाशी थांबलात. कुणाच्या तरी मनगटावर ‘बाळ’ लिहिलेलं. ‘ब’चं पोट काळं भरून गेलं होतं, ‘ळ’ची दोन्ही वेटोळी मिटून दोन डाग झाले होते. शब्द माहीत असला तरच वाचता यावा अशी गत. “हे माझंच काम. सहा वर्षांपूर्वीचं. त्यांनी छोटं मागितलं, मी हो म्हटलं.” एवढंच बोललात.

ताई, स्वतःचं बिघडलेलं काम अल्बमात ठेवणारा आणि ते नव्या गिऱ्हाइकाला आपणहून दाखवणारा कारागीर कुठल्याही धंद्यात विरळाच. तुमच्याकडे येण्याआधी तीन दुकानं आणि कितीतरी वेबसाइटी पाहून झाल्या होत्या. सगळीकडे शेकडो फोटो, एकापेक्षा एक सुंदर, आणि सगळे ताजे. मशीन थांबल्यावर दहा मिनिटांत काढलेले. तेव्हा कातडी ताणलेली असते, कडेने लालसर असते, वरून मलमाचा हात फिरलेला असतो, त्यामुळे काळा रंग कोळशासारखा काळा दिसतो. त्यात लेन्सवर चमक कमी करणारा फिल्टर आणि नंतर मोबाइलवर रंग चढवणं. त्या दहा मिनिटांत जवळजवळ प्रत्येक टॅटू चांगलाच दिसतो. काम कसं झालंय हे कळायला निदान दीड-दोन महिने जावे लागतात, आणि कसं टिकलंय हे कळायला दोन-चार वर्षं. “बरे झालेले फोटो आहेत का?” हा साधा प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारला. एका ठिकाणी “गिऱ्हाइकं परत येत नाहीत हो” असं उत्तर मिळालं, दुसऱ्या ठिकाणी आधी अॅडव्हान्स भरा म्हणाले. तिसऱ्या दुकानाच्या साइटवरचे फोटो गूगल लेन्समधून शोधले, तर त्यातले काही भलत्याच देशातल्या आर्टिस्टांचे निघाले. ते आधीच लक्षात यायला हवं होतं. गोऱ्या कातडीवरची फिकी गुलाबी फुलं, पांढऱ्या शाईच्या कडा. आपल्याकडच्या किती हातांवर ती उठून दिसतील? शाई खालच्या थरात बसते आणि कातडीचा सावळेपणा तिच्या वरच्या थरात असतो. म्हणजे रंग कायम चहाच्या रंगाच्या काचेतून पाहायचा. पांढरा त्यात पिवळट होतो, फिका पिवळा आणि फिका गुलाबी जवळपास दिसेनासा होतो. काळा मात्र टिकतो. तुमच्या अल्बममधले हात आपल्याच माणसांचे होते, मागे तेच टेबल, तोच खिडकीचा उजेड, आणि प्रत्येक फोटोखाली दोन तारखा : काढला केव्हा आणि हा फोटो केव्हाचा. शिवाय दुकानात तिघे काम करत असताना कुठलं काम कोणाचं तेही लिहिलेलं. दुकानाच्या नावावर सगळ्यांचे फोटो एकत्र टाकले की नवख्याला वाटतं, हे सगळं समोरचा माणूस करू शकतो. प्रत्यक्षात पोर्ट्रेट करणारा हात वेगळा असतो आणि अक्षरं काढणारा वेगळा.

अक्षरांवरून आठवलं. ज्याचा दिवस डीटीपीत जातो त्याला हे सांगितल्यावाचून राहवत नाही. एका दुकानाच्या पहिल्याच पानावर, मोठ्या अभिमानाने, एका पाठीवर ‘आई-बाबांचे आर्शीवाद’ झळकत होतं. रफार ‘शी’वर. दुसरीकडे ‘शक्ति’मधला ‘क’ पाय मोडून सुटा पडलेला आणि वेलांटी ‘त’च्या उजवीकडे जाऊन बसलेली. हे दुसरं कसं होतं ते आम्हा लोकांना रोजचं माहीत आहे : डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या जोडणारी सेटिंग बंद असली की जोडाक्षरं फुटतात, रफार वर चढत नाही आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे पडते. कागदावर असं झालं तर पान पुन्हा छापतात. ती पाठ कशी छापणार? आणि तो फोटो आपल्याच साइटवर लावताना कोणी एकदाही वाचला नाही, याचा अर्थ ते लोक अक्षर हे चित्र म्हणून उतरवतात, वाचत नाहीत. मराठी मजकूर काढून घेणाऱ्याने दुकानाच्या गॅलरीतली मराठी आधी वाचावी, चुका तिथेच सापडतात. तुम्ही तर ‘आबा’सारखी दोन अक्षरंसुद्धा स्टेन्सिल (सुईआधी कातडीवर उमटवायचा छाप) काढण्याआधी मोठ्याने वाचायला लावलीत.

पुन्हा त्या फोटोकडे येतो. फोटो दाखवून झाल्यावर तुम्ही पोस्टकार्डाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने हिशोब मांडलात, तो इथे लिहितोय, कारण बारीक मजकूर मागणाऱ्या प्रत्येकाला तो उपयोगी पडेल. ‘ब’ म्हणजे ‘व’च्या पोटात तिरकी रेघ. सहीतल्या ‘ब’च्या पोटात आतून दीड मिलिमीटर जागा. तीन सुयांच्या बारीक लायनरची (रेघा ओढायच्या सुयांच्या जुडग्याची) रेघही कातडीत साधारण अर्धा मिलिमीटर धरायची. म्हणजे तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर मोकळा. आता शाई काही कागदावरच्यासारखी जागच्या जागी वाळत नाही. शरीरातल्या पेशी तिचे कण गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की कण सुटतात आणि शेजारच्या नव्या पेशी ते गिळतात. असं होत होत वर्षानुवर्षं रेघ हळूहळू जाड होत जाते. प्रत्येक रेघ दोन्ही अंगांनी नुसती पाव मिलिमीटर पसरली, तरी पोटाची कड इकडून पाव आणि तिरकी रेघ तिकडून पाव, की अर्धा मिलिमीटर संपला. ‘ब’चं पोट बुजलं. कागदावर सात पॉइंटातली अक्षरं खुशाल वाचता येतात, म्हणून छापखान्यातल्या माणसाला कातडीवरही ती चालतील असं वाटतं. तुमच्या त्या पेन्सिलीने तो गैरसमज दोन मिनिटांत दूर केला.

सही दुप्पट करायची, २२ मिलिमीटर, असं ठरलं. इंचावर दर लावणाऱ्या धंद्यात “मोठं करा” या शब्दांवर कोणाचाही विश्वास बसू नये. तुम्ही ते ओळखलंत आणि आधीच सांगितलंत : लहान काढा नाहीतर मोठी, पैसे मिनिमम चार्जएवढेच. मग जागा बदललीत. मनगटाच्या घडीपाशी कातडी दिवसभर दुमडते, तिथली रेघ तुटक भरते, म्हणून घडीपासून तीन बोटं वर. आणि स्टेन्सिल लावताना हात टेबलावर पसरू दिला नाहीत. उभं राहायला लावलंत, हात सैल सोडायला लावलात. तळहात वर करून ताणलेल्या हातावर जी रेघ सरळ दिसते ती हात खाली सोडल्यावर पिळवटते, कारण कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी हाताबरोबर फिरते. शिरोरेषा नसलेल्या लिप्यांत हे खपून जातं, आपल्याकडे वर शिरोरेषा आहे, तिने तिरकेपणा लगेच चुगली करून सांगितला असता. पहिला स्टेन्सिल तीनेक मिलिमीटर कलला होता. कोणी तक्रार केली नव्हती. तुम्ही आपणहून पुसलात, जागा पुन्हा साफ केलीत, नवा लावलात आणि पुन्हा १५ मिनिटं वाळू दिलात, कारण ओल्या स्टेन्सिलवर सुई चालवली की अर्ध्या कामात तो पुसट होतो आणि पुढची रेघ अंदाजाने ओढावी लागते.

तो जांभळा स्टेन्सिलचा कागद बघून मात्र घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. शाळांच्या प्रश्नपत्रिका एकेकाळी ज्या जांभळ्या शाईने निघायच्या, त्याच घराण्यातला तो कागद. आणि तुमची मशीन तर थेट आमच्या नात्यातली. एडिसनने १८७६ साली विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं ते कागदाला भोकं पाडून मजकुराच्या प्रती काढण्यासाठी. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने १८९१ साली टॅटूच्या विजेच्या मशीनचं पेटंट मिळवलं. छपाई आणि गोंदण यांचा असा जुना संबंध आहे.

स्वच्छतेबद्दल फार लिहीत नाही, ती असायलाच हवी, तिचे वेगळे आभार मानावे लागणं हेच वाईट. तरी नवख्यांसाठी थोडंसं. काचेच्या कपाटात ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचा डबा) मांडून ठेवलेला एका दुकानात पाहिला, त्याची वायर गुंडाळलेली होती. पुन्हा वापरायच्या स्टीलच्या नळ्या आणि ग्रिप असतील तर तो रोज चालायला हवा, १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली, निदान १५-२० मिनिटं. तुमच्याकडे सुईचं कार्ट्रिज एकदाच वापरायचं. त्याचं पाकीट तुम्ही समोर फोडलंत, त्याआधी त्यावरची मुदतीची तारीख दाखवलीत. शाई छोट्या टोपीत काढून घेतलीत, आणि उरलेली बाटलीत परत न ओतता टोपीसकट टाकून दिलीत. मशीनवर, वायरवर, फवाऱ्याच्या बाटलीवर प्लास्टिकचं आवरण. मध्येच फोन वाजला तेव्हा तो घेतला नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी त्याच हातमोज्यांनी फोन उचलून, बोलून, पुन्हा त्याच हातांनी सुई धरलेली पाहिली होती. कावीळ बी, कावीळ सी अशाच हातांतून पसरते.

आणि एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही. “रक्तदान करता का?” असं तुम्ही विचारलंत. टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही, म्हणून जवळच्या तारखेला शिबिर असेल तर आधी रक्त देऊन या, टॅटू कुठे पळून जात नाही, असं म्हणालात. एका अनोळखी रुग्णासाठी आपलं गिऱ्हाईक लांबणीवर टाकलंत तुम्ही.

असा प्रामाणिकपणा काही नवा नाही. कापड धुतल्यावर आटेल, पाव मीटर जास्त आणा असं सांगणारा शिंपी, हे लाकूड पावसाळ्यात फुगेल म्हणून दाराला फट ठेवणारा सुतार, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतात. वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यानंतर तिचं काय होईल याचा विचार ते आधी करतात. जुन्या गोंदणातही हा विचार होता. आपल्या आज्यांच्या हातांवर तुळशीवृंदावन असायचं, विंचू असायचा, हनुवटीवर ठिपका. रेघा जाड, दोन रेघांमध्ये भरपूर मोकळी जागा. म्हणून हात सुरकुतला, रंग हिरवट झाला, तरी वृंदावन वृंदावनच दिसायचं. जत्रेत एकाच सुईने सगळ्या बायका गोंदायच्या, ते धोक्याचंच होतं, ते परत यायला नको. पण रेघ किती पसरते हे त्या गोंदणाऱ्या बायकांना ठाऊक होतं, आणि आज शंभर फोटो टाकणाऱ्या कित्येकांना ठाऊक नाही.

सुई चालवतानाचा तुमचा हातही लक्षात राहिला. मनगटाच्या आतली कातडी पातळ. शाई एक ते दोन मिलिमीटर खोलवर बसायला हवी. त्याहून वर राहिली तर खपलीबरोबर गळते, त्याहून खाली गेली तर चरबीच्या थरात पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली कायमची राहते. ती सहजासहजी पुसता येत नाही. ‘ब’च्या तिरक्या रेघेला तुम्ही श्वास धरलात आणि ती एका दमात ओढलीत, दुसऱ्यांदा त्यावरून गेला नाहीत. “कमी पडली तर सहा आठवड्यांनी भरू, जास्त झाली तर कोणालाच काढता येणार नाही,” हे वाक्य तुम्ही सहज बोलून गेलात. कमी पडलेली नाही, ताई.

आपला,
‘आबा’वाला

ता. क. : तुम्ही बरा झालेला फोटो मागितला होता, तो पट्टी ठेवून काढलाय. ‘ब’च्या तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मिलिमीटर जागा आहे. खाली दोन्ही तारखा घालून अल्बमात लावा. पुढचा पाच वर्षांनी पाठवतो.