वचन छापायचे तर पुरते छापावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ येऊ लागला की अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, जालना अशा ठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील (चर्चमधील) तरुण संघ कॅरल गायनासाठी एकसारखे टी-शर्ट छापून घेतात आणि त्यावर बहुधा पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, एखादे वचन असते. या प्रथेविषयी आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडे दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. देवाचे वचन घामाच्या कपड्यावर छापणे ही त्याची विटंबना आहे, असे एकाचे म्हणणे. तर श्रद्धा ज्याची त्याची आणि छातीही ज्याची त्याची, असे दुसऱ्याचे. मी छपाईच्या धंद्यात आहे आणि रविवारी मंडळीतल्या मुलांच्या शब्बाथशाळेत शिकवतो, त्यामुळे हे टी-शर्टही माझ्या हाताखालून जातात आणि ते घालणारी मुलेही. या वादात कोणीच हात न घातलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो असा की, जे छापले जाते ते पुरते वचन असते का?

विटंबनेच्या आक्षेपावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. श्रद्धा अंगावर वागवणे महाराष्ट्राला नवे नाही. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ, रामनामाचे उपरणे, आषाढीच्या दिवसांत दिसणारे विठ्ठलाच्या चित्राचे टी-शर्ट हे सर्व आपण रोज पाहतो, आणि त्यांपैकी कशालाही घाम वर्ज्य नाही. शास्त्राचेच म्हणायचे तर त्यातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा हाताला चिन्हादाखल बांधाव्यात आणि डोळ्यांच्या मध्यभागी लावाव्यात असे सांगितले आहे. मात्र मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू अशाच रीतीने वचने बांधणाऱ्यांना खडसावतो, कारण लोकांनी पाहावे म्हणून ते आपल्या पट्ट्या रुंद आणि गोंडे लांब करीत असत. म्हणजे वचन अंगावर असण्याला शास्त्राची हरकत नाही. हरकत आहे ती मिरवण्याला. या दोहोंतली रेषा कापडावर दाखवता येत नाही, ती घालणाऱ्याच्या वागण्यात शोधावी लागते.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. टी-शर्टच्या पुढच्या भागावर लांबून वाचता येईल असा मजकूर फार तर आठ-दहा शब्दांचा बसतो. त्यामुळे वचन तोडावे लागते, आणि ते कोठे तोडायचे हे बहुतेक वेळा डिझाइन करणारा ठरवतो, ज्याने तो अध्याय वाचलेला असतोच असे नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील तेरावे वचन : ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ हे वचन जगभर व्यायामशाळेत जाणाऱ्यांच्या आणि खेळाडूंच्या कपड्यांवर दिसते. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत त्याच्या शेजारी डंबेल असते, कधी गरजणारा सिंह असतो, आणि शब्द अनेकदा ‘मी सर्वकाही करू शकतो’ एवढेच उरलेले असतात. ज्याच्याकडून सामर्थ्य मिळते तोच गाळला गेला, याची कोणाला खंतही नसते.

वास्तविक प्रेषित पौलाने हे पत्र कैदेतून लिहिले. तेराव्या वचनाच्या लगेच आधी तो सांगतो की तृप्त असणे आणि भुकेले असणे, विपुलता आणि टंचाई, या सर्वांतून कसे राहावे हे मी शिकलो आहे. त्याचे ‘सर्वकाही’ ते हे आहे. वजन उचलणे, परीक्षेत पहिला येणे, सामना जिंकणे यांच्याशी त्याचा संबंध फार थोडा. उपाशी राहण्याची वेळ आली तरी मन न ढळू देण्याशी मात्र पुरेपूर आहे. ज्या मुलाच्या घरी नोकरी गेली आहे, ज्या आईला दवाखान्याचे बिल भरायचे आहे, त्यांच्यासाठी हे वचन लिहिलेले आहे. त्यांच्या अंगावर ते शोभले असते. आपण ते दंडाचे स्नायू दाखवणाऱ्या चित्राखाली नेऊन ठेवले.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायाच्या अकराव्या वचनाचेही असेच झाले आहे. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असे परमेश्वर म्हणतो, म्हणून ते दहावी-बारावीच्या निरोप समारंभाच्या टी-शर्टवर हमखास येते. ते मूळचे आहे बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना धाडलेल्या पत्रातले. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत दिलेली आहे, आणि त्याही आधी त्या लोकांना सांगितले आहे की तेथेच घरे बांधा, मळे लावा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हे पत्र ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना परतीचा दिवस पाहायला मिळणार नव्हता. ही सगळी हकिकत कापडावर बसणार नाही हे मला कळते. परंतु परक्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा ही ओळ सहज बसते, आणि तिची मागणी आमच्याकडे आजवर कोणी केलेली नाही. न्याय पाण्याप्रमाणे वाहू द्या, हे आमोस संदेष्ट्याचे बोलही कोणाला हवे असल्याचे दिसत नाही. टी-शर्टवर जाणारी वचने निवडताना आपण आपल्याला काय मिळणार हे सांगणारी तेवढी उचलतो आणि आपल्याकडून काय मागितले आहे हे सांगणारी मागे ठेवतो. कात्री खरी येथे लागते. आठ शब्दांची अडचण नंतरची.

हा प्रकार आपण अमेरिकेतून जसाच्या तसा उचलला आहे. तेथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात तरुणांमध्ये जी येशू-चळवळ उसळली, तिच्याबरोबर असे कपडे लोकप्रिय होत गेले आणि १९८० नंतर त्यांचा मोठा धंदा झाला. त्यात एक युक्ती फार चालली : बाजारात गाजलेल्या बोधचिन्हाची नक्कल करायची आणि त्यात प्रभूचे नाव घुसवायचे. ‘गोल्ड्स जिम’चे झाले ‘लॉर्ड्स जिम’, आणि एका प्रसिद्ध चॉकलेटच्या नारिंगी वेष्टनावरच्या नावाच्या जागी आले येशूचे नाव. पाहणाऱ्याला क्षणभर गंमत वाटते, पण ज्याच्यासाठी लोकांनी प्राण दिले ते नाव चॉकलेटच्या छापाला टेकू देऊन उभे करावे लागावे, हे मला तरी केविलवाणे वाटते. तिकडे या प्रकारावर खुद्द ख्रिस्ती मंडळींनीच पुष्कळ टीका केली आहे. आपल्याकडे नमुने आले, टीका आली नाही.

परदेशातले सगळेच उसने किंवा उथळ आहे असे मात्र नाही. ब्राझीलचा फुटबॉलपटू काका याने २००७ साली अथेन्समध्ये मिलान संघाने लिव्हरपूलला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा वरचा जर्सी काढला आणि आतल्या साध्या पांढऱ्या बनियनवर ‘मी येशूचा आहे’ अशा अर्थाचे चार इंग्रजी शब्द घेऊन तो मैदानावर गुडघे टेकून बसला. चित्र नाही, चिन्ह नाही, नक्कल नाही. त्या शब्दांत विजयाचा दावाही नव्हता, फक्त आपण कोणाचे एवढे सांगितलेले होते. पुढे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१४ पासून आतल्या कपड्यांवरही कोणताच संदेश चालणार नाही असे ठरवले, तेव्हा हा मार्ग बंद झाला. मैदान सर्वांचे असते, म्हणून त्या नियमाविषयी माझी तक्रार नाही.

आपल्या तरुणांचे बहुतेक टी-शर्ट इंग्रजीत असतात, याचे मला अधिक वाईट वाटते. ख्रिस्ती श्रद्धा मराठीत सांगण्याचा वारसा चारशे वर्षांहून जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, परंतु १६१६ साली गोव्यात राचोल येथे त्यांचे जे पुराण छापले गेले ते मराठीत होते आणि ओवीत होते. मराठीचे खिळे हाती नव्हते म्हणून ते रोमन लिपीत छापले, पण भाषा सोडली नाही. बंगालमधील सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ साली मराठी नवा करार काढला तो मोडी लिपीत, कारण रोजच्या व्यवहारात मराठी माणसाच्या हाताला आणि डोळ्याला तीच लिपी सवयीची होती. नारायण वामन टिळकांचा १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि कीर्तनात आणली. त्यांची गीते आजही आमच्या उपासनेत गायली जातात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावी मुक्तिसदनात आयुष्याच्या शेवटच्या वर्षांपर्यंत खपून, साध्यासुध्या बायांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. एवढे घरात असताना आमची मुले श्रीरामपूरच्या बाजारात इंग्रजी वचन घालून हिंडतात, जे त्यांच्या आजीला वाचता येत नाही आणि भाजीवालीलाही नाही. मग ते नेमके कोणाला सांगायचे असते?

मराठीत छापू म्हणणाऱ्यांची अडचण निराळी, आणि ती माझ्या टेबलावर रोज येते. फाइल मोबाइलवरून येते आणि तिच्यात ‘ख्रिस्त’मधला ‘ख्र’ सुटून ‘ख्’ पाय मोडून एकीकडे आणि ‘रि’ दुसरीकडे उभा असतो, कारण डिझाइनच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते लिहिले त्यात भारतीय लिप्यांची जुळणी चालू केलेली नसते. इंग्रजी अक्षरांत अंतर सोडले की ती रुबाबदार दिसतात, म्हणून तेच देवनागरीला केले जाते आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. शब्द दातपडक्या फणीसारखा दिसू लागतो. छपाईच्या स्क्रीनची जाळी जाड असली आणि अक्षर बारीक असले की अनुस्वार आधी उडतात, आणि ‘शांती’ची ‘शाती’ होऊन ती पन्नास मुलांच्या छातीवर झळकते. वडीलधाऱ्या मंडळींपैकी कोणी एकाने छपाईपूर्वी कागदावरचा नमुना चष्मा लावून वाचला, तर यातले बहुतेक टळते. पण ऑर्डर रात्री येते आणि माल परवा हवा असतो.

मजकूर कोठून घ्यावा हाही प्रश्न विचारला जातो. आज मंडळ्यांत वाचले जाणारे मराठी पवित्र शास्त्र भारतीय बायबल सोसायटीचे असून त्याचे हक्क सोसायटीकडे आहेत, तेव्हा विक्रीसाठी टी-शर्ट छापणाऱ्यांनी तिची परवानगी मागावी हे सरळ आहे. रमाबाईंच्या भाषांतराच्या स्वामित्वहक्काची मुदत मात्र केव्हाच संपली आहे आणि त्यातली भाषा अशा कामाला फार चांगली पडेल.

एका पत्रलेखकाने सध्याच्या वातावरणात असे कपडे घालणे म्हणजे भांडण ओढवून घेणे, असे सुचवले होते. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांनाच दिला आहे, त्यामुळे भीतीपोटी कपाटात ठेवावे असे मी म्हणणार नाही. तथापि दुसऱ्याच्या देवाला कमी लेखणारी किंवा वाचणाऱ्याला नरकाची धमकी देणारी ओळ आमच्याकडे आली तर मी ती परत पाठवतो. गर्दीच्या एसटीत उभ्या असलेल्या थकल्याभागल्या माणसाच्या डोळ्यांसमोर अर्धा तास जे राहणार आहे, ते ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या’ असे असावे. आणि असा टी-शर्ट घालून त्याच एसटीत जागेसाठी कोणाला कोपर मारू नये, ही अपेक्षा त्यात आलीच.

जुन्या टी-शर्टचे काय, हेही जाता जाता सांगतो, कारण आपल्या घरांत त्याचे शेवटी लादी पुसायचे फडके होते. वचनाचा भाग कापून गोधडीत घालावा. आमच्या शब्बाथशाळेत काही आया तसे करतात आणि ती गोधडी थंडीत कोणाला तरी उपयोगी पडते.

नाताळाच्या ऑर्डरी आता सुरू होतील. पाळकांनी आणि तरुण संघांच्या चालकांनी टी-शर्टचा रंग ठरवण्यासाठी जेवढा वेळ बसतात त्यातला थोडा वेळ तो अख्खा अध्याय मुलांबरोबर वाचण्यासाठी काढावा, मग त्यातले कोणते शब्द घ्यायचे हे मुलांनाच ठरवू द्यावे, आणि फाइल छपाईवाल्याकडे किमान आठवडाभर आधी पाठवावी, एवढी विनंती आपल्या दैनिकाद्वारे त्यांच्यापर्यंत पोहोचावी म्हणून हा पत्रप्रपंच.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर