इस्फहानच्या टॅक्सीवाल्या काकांना

प्रिय काका,

तुमच्या लेकीला इंग्रजीतून निरोप पाठवते तेव्हा "थँक यू" लिहून होतं, पण मन भरत नाही. म्हणून आज मराठीतच लिहिते आहे, आणि सगळ्यांसमोर. तिला अर्थ कळवीन, ती तुम्हाला वाचून दाखवील.

2018 चा ऑक्टोबर. यझ्दहून आलेल्या बसमधून आम्ही मायलेकी उतरलो आणि स्टँडच्या पायरीवरच आईचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म सुजला. शुक्रवार, म्हणजे तुमच्याकडचा सुट्टीचा वार. आपली कार्डं इराणमध्ये चालत नाहीत, त्यामुळे जवळ होती ती मोजकी रोकड. तुम्ही गिऱ्हाईक बघत आलात, आईचा पाय पाहिलात आणि भाड्याचं बोलणंच सोडून दिलंत. "दारूखाने, दारूखाने," म्हणालात तशी आईने माझा हात घट्ट धरला. औषधांची कपाटं दिसली तेव्हा उलगडलं, फारसीत दारूखाने म्हणजे औषधाचं दुकान! तिथून दवाखाना, मग एक्स-रे. हाड शाबूत आहे हे कळेपर्यंत दोन तास तुम्ही बाकावर बसून होतात, आईची पिशवी मांडीवर घेऊन.

आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. शाह अब्बासने 1598 मध्ये राजधानी इस्फहानला आणली, हे ती पुण्याहून निघाल्यापासून मला सांगत होती. आणि आता ती खोलीत पडून राहणार, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी दार उघडलं तर तुम्ही शेजाऱ्यांकडची व्हीलचेअर घेऊन उभे.

नक्श-ए-जहान मैदान साधारण 560 मीटर लांब आणि 160 मीटर रुंद आहे. तुम्ही खुर्ची ढकलत आईला त्याची अख्खी फेरी घडवलीत. पोलोच्या खेळासाठी रोवलेल्या दगडी खांबांपाशी थांबलात, तिला ते हाताने चाचपू दिलेत. शेख लुत्फुल्ला मशिदीच्या पायऱ्यांवर एका दुकानदाराला हाक मारून दोघांनी खुर्ची उचललीत. या मशिदीला ना मिनार, ना अंगण. मैदानाची दिशा एक आणि किब्ल्याची, म्हणजे नमाजासाठी मक्केकडे तोंड करायची, दुसरी, म्हणून आत जाणारी अंधारी वाट वळण घेते. त्या वाटेच्या तोंडाशी तुम्ही खुर्ची थांबवलीत आणि वर बोट दाखवलंत. घुमटाच्या मध्यावर मोर चितारलेला, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेचा त्याला झालेला पिसारा. आई "मोर, मोर" म्हणत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तुम्ही मान फिरवून उभे राहिलात, तेही माझ्या लक्षात आहे.

मैदानाकाठच्या आली कापू राजवाड्याचे जिने तिला झेपणारे नव्हते. मी एकटी वर गेले. संगीत-कक्षातल्या भिंतींत सुरया-वाडग्यांच्या आकाराचे नाजूक कोनाडे कोरलेत, ते बघत फार रेंगाळले. सज्जातून खाली पाहिलं तर मैदानाच्या कडेला तुम्ही आईला दाताखाली साखरेचा खडा धरून चहा कसा प्यायचा ते शिकवत होतात.

संध्याकाळी तेहतीस कमानींच्या पुलावर गेलो. खाली झायंदेरूद नदी कोरडीठाक, भेगाळलेली. तुम्ही रिकामा तळवा दाखवून म्हणालात, "आब नीस्त." पाणी नाही. तो शब्द आम्हाला समजावून सांगावा लागला नाही. पाणी येईल तेव्हा परत या, असं खुणेनं सांगितलंत.

मग पैशांची वेळ आली. तुम्ही छातीवर हात ठेवून "काबेली नदारे", म्हणजे 'त्यात काय एवढं', म्हणालात आणि मी खरंच पाकीट बंद करायला निघाले. आईने ते हिसकावून घेतलं. "अगं, पंगतीत पहिल्या 'नको'ला वाढणारा थांबतो का?" तिने तीनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा तुम्ही नोटा घेतल्यात, मोजल्यात आणि निम्म्या तिच्या हातात परत ठेवल्यात. दवाखान्याबाहेरच्या दोन तासांचं भाडं तुम्ही धरलंच नव्हतं. खुर्ची देणाऱ्या शेजाऱ्यांचं तर आम्ही तोंडही पाहिलं नाही. त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

काकूंनी दिलेल्या केशरी नबातची, आमच्या भाषेत खडीसाखरेची, एक कांडी आईने अजून डब्यात जपून ठेवली आहे. पोट बिघडलं तरी ती मोडू देत नाही. परवा चहा घेता घेता विचारत होती, "नदीला पाणी आलं असेल का गं?"

तुमच्या लेकीला सांगा, आलं की लगेच कळव.

तुमची,
पुण्याची पुतणी