दोघांच्या नावानं

निफाड,
८ डिसेंबर २०२५

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

जेजुरीला तळी भरून तुम्ही दोघं परस्पर पुण्याला गेलात आणि इकडे घर एकदम मोकळं झालं. मांडव उतरला, भांडी परत गेली, पाहुण्यांच्या गाद्या वर टाकून झाल्या. आता निवांत बसून लिहिते आहे. फोनवर अशा गोष्टी निम्म्या सुटून जातात. पत्र वाचून झालं की सूनबाईलाही दे. तिच्यापासून झाकून ठेवावं असं यात काहीच नाही.

मला मुळात एकच सांगायचं आहे. तुम्ही दोघं मिळून जे जे उभं कराल, त्याच्यावर दोघांचंही नाव लागलं पाहिजे. प्रेम आहे, विश्वास आहे, मग कागद कशाला, असं तू म्हणशील. प्रेम आहे तोवरच कागद आनंदानं होतात, म्हणून आत्ताच सांगते.

पहिलं तुझं पीएफचं खातं. नोकरी लागली तेव्हा नॉमिनी म्हणून तू माझं नाव घातलं होतंस आणि ते मला मोठ्या कौतुकानं दाखवलं होतंस. आता तिथं तिचं नाव घाल. पीएफचा नियमच असा आहे की लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की रद्द धरलं जातं. त्यामुळे आईचं नाव खोडतोय असं मनात आणू नकोस. मला माझी पेन्शन आहे, बाबा आहेत, माझं सगळं नीट चाललं आहे. यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या क्रमांकाच्या, पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरायचं, तिचा फोटो आणि आधार लागेल. शेवटी ओटीपी टाकून ई-साइन होईपर्यंत ते अर्धवटच राहतं. बरेच जण तिथवर जातात आणि सोडून देतात, तसं करू नकोस. पीपीएफ, विमा, म्युच्युअल फंड यांचं मात्र वेगळं आहे. तिथं आपोआप काहीच रद्द होत नाही, जुनं नाव वर्षानुवर्षं तसंच राहतं. तिनंही तिच्या खात्यांचं हेच करायचं.

माझी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीवर गेली, म्हणून मी हे इतकं कळकळीनं सांगते. एक बाई आल्या होत्या. बरोबर शाळकरी मुलगा. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली पासबुकं काढून त्यांनी खिडकीत ठेवली. नवरा वारलेला. कष्टाळू होता, बचतीचा. आरडी होती, बचतपत्रं होती, एकही हप्ता चुकलेला नव्हता. पण सगळी खाती लग्नाआधीची. सगळीकडे नॉमिनी त्याची आई, आणि ती त्याच्याही आधी वारलेली. कोणतं पुस्तक कशाचं, हे त्या बाईला माहीत नव्हतं. तिला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. मग वारसाचे कागद, प्रतिज्ञापत्र, जामीनदार, तहसीलच्या फेऱ्या. पैसे अखेर तिला मिळाले. पण मधल्या महिन्यांत मुलाची फी दिरानं भरली आणि ते तिला उठता-बसता ऐकावं लागलं. घरात पैसा होता, पतीनं तो तिच्यासाठीच साठवला होता, तरी तिला हात पसरावा लागला. त्या बाईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून घरखर्चाचं एक खाते दोघांच्या नावानं उघडा आणि दोघांपैकी कुणाच्याही एका सहीनं चालेल असं ठेवा. पोस्टात आम्ही त्याला जॉइंट-बी म्हणायचो. जॉइंट-ए घेऊ नका, त्यात दर वेळी दोघांच्या सह्या लागतात. पगाराची खाती आपापली वेगळी राहू देत. तिच्या पगाराचं ती काय करते, माहेरी काही देते का, याचा हिशेब तू मागायचा नाहीस. घरखर्चाला कुणी किती घालायचं ते पहिल्याच महिन्यात मोकळेपणानं बोलून ठरवा.

आपल्या घरात हे नवीन नाही. १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं तेव्हा आमच्या गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बाया गेल्या होत्या. तुझी आजी मला घेऊन गेली होती. इतक्या बाया एका जागी मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. पुढे १९९०च्या आसपास शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या. तुझे आजोबा तलाठ्याकडे गेले आणि आजीचं नाव सातबाऱ्यावर चढवून आले. पारावर लोक म्हणाले, उद्या बायको घराबाहेर काढील. आजोबा म्हणाले, "तिनं जन्मभर खुरपणी केली तेव्हा नाही कुणाला भीती वाटली." आजीनं तो उतारा ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवला होता. तिला वाचता येत नव्हतं. तरी आपलं नाव कोणत्या ओळीत आहे ते ती बरोबर बोट ठेवून दाखवायची. आजोबा गेल्यावर तिला कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागलं नाही, याचं मोठं कारण ती ओळ होती.

तुमच्या भाड्याच्या घराचंही असंच कर. लग्नाआधी करार केलास तेव्हा तू एकटा होतास, ठीक आहे. अकरा महिने संपले की नवा करार दोघांच्या नावानं कर. उद्या तुला कंपनीनं बाहेरगावी पाठवलं, तर सोसायटीच्या ऑफिसात तिला कुणी "तुम्ही कोण" असं विचारू नये. शिवाय आधारवरचा पत्ता, बँक, गॅस, सगळीकडे तिला तो करार उपयोगी पडेल. नोंदणी केल्याशिवाय राहू नका. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. आणि राहायला गेलात तेव्हा भिंतीची ओल, गळका नळ, फुटलेल्या टाइल्स यांचे फोटो काढले नसशील तर आजच काढून मालकांना पाठव, म्हणजे घर सोडताना डिपॉझिटवरून वाद होणार नाही. पुढे स्वतःचा फ्लॅट घ्याल तेव्हा नीट हिशेब मांडा. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, जोडीनं घेतलं तर ती नाही. तिच्या नावानं घ्या किंवा दोघांच्या, तुझ्या एकट्याच्या नावानं मात्र नको.

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि तुला अंगठीनं तिचं नवं नाव लिहायला सांगितलं, तेव्हा तू तिच्याकडे पाहिलंस आणि तिचं होतं तेच नाव लिहिलंस. मागे बायकांत कुजबुज झाली ती मी ऐकली. मला तुझा अभिमान वाटला. पासपोर्टवर, पॅनवर काय ठेवायचं तेही तिलाच ठरवू दे. लग्न झालं म्हणून नाव बदलायलाच हवं असा कोणताही कायदा नाही.

तिच्या अंगावरचं सोनं तिनं माझ्या कपाटात ठेवायला दिलं आहे. विश्वासानं दिलं, मला बरं वाटलं. पण ते तिचं स्त्रीधन आहे, त्यावर तुझा किंवा माझा हक्क नाही. पुण्यात तिच्या नावानं लॉकर बघा, मी स्वतः आणून देईन.

आता स्वयंपाकघर. आपल्याकडे बाबांच्या घरात पिढ्यान्पिढ्या वारकऱ्यांची माळ आहे, मासे-मटण चालत नाही. सूनबाई डोंबिवलीत मासे खात वाढली. लग्न ठरताना "मी सोडून देईन" असं ती म्हणाली होती. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. बाबांशी मी बोलले आहे आणि त्यांचंही हेच म्हणणं आहे की ते घर तुम्हा दोघांचं आहे, तिनं तिथं हवं ते रांधावं. एक कढई, एक तवा आणि एक सुरी वेगळी ठेवा, खिडकी उघडी ठेवा, झालं. आम्ही आलो की जे ताटात येईल ते आम्ही आनंदानं जेवू. तू खाऊ नकोस, पण नाकाला रुमालही लावू नकोस.

आणि स्वयंपाक शीक. तीही तुझ्याइतक्याच वाजता घरी येते. कुकर लावणं म्हणजे स्वयंपाक नव्हे. मी बिडाचा तवा पाठवते आहे, त्याला आधी घडवावं लागतं. धुऊन, मंद आचेवर पूर्ण कोरडा करून तेल फिरव, कापलेल्या कांद्यानं ते तेल चोळत राहा, गार होऊ दे, आणि हे दोन-चार दिवस रोज कर. मग त्यावर घावन चिकटत नाही. साबण लावू नकोस आणि ओला ठेवू नकोस, लगेच गंज धरतो. हे काम तूच कर. तिच्या माथी मारू नकोस.

मालवणला जायचं ठरवलंत हे फार चांगलं केलंत. मित्रांसारखं परदेशाचं पॅकेज हप्त्यांवर घेतलं नाहीस, संसाराची सुरुवात कर्जानं केली नाहीस. गाडीनं जाणार आहात तर कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घ्या आणि राधानगरीवरून फोंडा घाटानं उतरा. पण घाट उजेडी उतरायचा. दाजीपूरचं जंगल गव्यांचं आहे, अंधार पडल्यावर ते रस्त्यावर येतात.

सिंधुदुर्ग सकाळी लवकर बघा, होडीला गर्दी कमी असते. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी तो बांधायला घेतला. तटातल्या घुमटीत चुन्यामध्ये महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आत आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आवर्जून पाहा. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोडं पाणी.

तिला पाण्याची भीती वाटते असं तिच्या आईनं मला सांगितलं. तारकर्लीला स्कूबाच्या होड्या लागलेल्या असतात, तुला मोह होईल. तिला नको असेल तर एकदा विचार आणि थांब. चारचौघांत "कर ना, मजा येते" असं म्हणत राहणं ही जबरदस्तीच असते, आणि बाई ती पुष्कळ वर्षं विसरत नाही. तू एकटा जाऊन ये, ती काठावर बसेल, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. तिनं बांगडा, सुरमई मनसोक्त खाऊ दे. तुझ्यासाठी तिथं सोलकढी आहे, आणि मिळाले तर शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, खा, नारळाच्या गोड रसात देतात. एक अख्खा दिवस कुठेही जायचं नाही असा ठेवा. प्रवासात भूक आणि झोप यांवरूनच पहिली भांडणं होतात. झालंच भांडण तर मला फोन करून कोण बरोबर ते विचारू नकोस. तुझी बाजू मला ऐकायची नाही आणि तिचीही नाही. ते तुमचं तुम्ही मिटवा.

येत्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याच्या महिन्याचं तिच्या माहेरी आत्तापासून बोलणं सुरू झालं असेल. ३३ अनारसे आणि जेवण, एवढं आनंदानं घ्या. अंगठी, चांदीचं ताट, कपडे यातलं काही घ्यायचं नाही. लग्नात त्यांचा खर्च पुष्कळ झाला आहे. हे तू स्वतः तिच्या वडिलांना फोन करून सांग, तिच्या तोंडून निरोप पाठवू नकोस.

संक्रांतीला दोन दिवस सुट्टी काढून या. काळी साडी तिची तिनं निवडावी, हलव्याचे दागिने मी नाशिकहून आणते. त्याच खेपेत लग्नाची नोंदणी उरकून टाकू. १९९८च्या कायद्यानं ९० दिवसांची मुदत आहे, म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत ती भरते. नोंदणीचा अर्ज, नमुना ड, मी आणून ठेवला आहे, गुरुजींची सही झाली आहे. तीन साक्षीदार लागतात. तुझे मामा, आत्याचे यजमान आणि तिचा भाऊ यांना मी सांगून ठेवलं आहे. दोघांचे आधार, पत्त्याचे पुरावे आणि वयाचे दाखले तेवढे घेऊन या. तिचा शाळा सोडल्याचा दाखला डोंबिवलीला आहे, तो आत्ताच मागवून ठेवा.

तुझी,
आई