कंपनी विकली गेली, करार कोणाशी राहिला?

महोदय,

गोदरेज टायसन फूड्स या चिकन कंपनीतला अमेरिकेच्या टायसनचा उरलेला ४९ टक्के हिस्सा घ्यायचे गोदरेज अ‍ॅग्रोव्हेटने २०२४ मध्ये ठरवले. म्हणून टायसन आपल्या चिकनमधून गेली असे समजू नये. पाकिटावरचे नाव गेले, पिल्लू राहिले. आपल्या शेडमध्ये वाढणारी कॉब जात ज्या कॉब-व्हँट्रेसची, ती कंपनी टायसनच्याच मालकीची. रॉस आणि हबर्ड या जाती अ‍ॅव्हियाजेनच्या, म्हणजे जर्मनीतल्या ईडब्ल्यू ग्रुपच्या.

काटोल, उमरेडच्या शेडवाल्याला मात्र झळ बसते ती जवळपासच्या कंपन्यांनी एकमेकींना विकत घेण्याची. करारात पिल्लू, खाद्य, औषध इंटिग्रेटरचे, म्हणजे पिल्ले देऊन वाढलेले पक्षी परत नेणाऱ्या कंपनीचे. शेड, मजूर, वीज, पाणी आणि तूस शेतकऱ्याचे. पैसे जिवंत वजनाच्या किलोवर, तेही एफसीआर (एक किलो वजनामागे किती किलो खाद्य लागले) बघून; तो वाढला की पैसे कापतात. समजा ४,५०० पक्ष्यांचे १०,००० किलो वजन भरले आणि १६,००० किलो खाद्य लागले; एफसीआर १.६. आता पक्षी उचलायची (लिफ्टिंगची) गाडी तीन दिवस उशिरा आली. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात पक्षी रोज १६० ग्रॅम खाऊन जेमतेम ५० ग्रॅम वाढतो. म्हणजे खाद्य २,१६० किलो जादा, वजन फक्त ६७५ किलो जादा, आणि एफसीआर १.७. वर मर वाढली तर मेलेल्या पक्ष्याने खाल्लेले खाद्यही याच हिशेबात. चूक लिफ्टिंगची, कपात शेतकऱ्याची.

तालुक्यात दोन इंटिग्रेटर असले की असा शेतकरी पुढची बॅच दुसऱ्याकडे टाकतो. एकाने दुसऱ्याला गिळले की ती वाट बंद. शेडचे कर्ज मात्र चालूच.

हे कोणी तपासते का? मार्च २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या कंपनीची भारतातली मालमत्ता ४५० कोटींपर्यंत किंवा उलाढाल १,२५० कोटींपर्यंत असेल, तर कंपन्यांच्या खरेदी-विलीनीकरणावर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाला कळवायचीही गरज नाही. सौदाच २,००० कोटींच्या वरचा असेल तर गोष्ट वेगळी. पण जिल्ह्यातली हॅचरी किंवा फीड मिल तिथवर कशाला जाते? मर्यादा देशाच्या हिशेबाने ठरते आणि शेतकऱ्याची निवड तालुक्यात असते, खरी गोम इथे आहे.

अमेरिकेत २०२२ मध्ये कारगिल आणि कॉन्टिनेन्टल ग्रेन या कंपन्यांनी सँडरसन फार्म्स ही चिकन कंपनी सुमारे ४.५३ अब्ज डॉलरला घेतली. सौदा झालाच, पण तिथल्या न्याय खात्याने एक अट मान्य करून घेतली: शेजारच्या शेडशी तुलना करून शेतकऱ्याचा मूळ दर कापायचा नाही, बोनस हवा तर द्या. आपल्याकडे एवढेही नाही.

तोवर निदान इतके करावे. मालक बदलल्याचे कळताच नव्या कंपनीकडून जुना करार आणि थकीत हिशेब मान्य असल्याचे लेखी घ्यावे. हमी म्हणून दिलेले कोरे चेक क्रमांकासह परत मागावेत. हे बहुतेकजण विसरतात. खाद्याच्या ५० किलोची दोन-चार पोती उतरवतानाच काट्यावर घालून चलनावर वजन लिहावे. आणि पुढच्या करारात एक ओळ हवीच: ठरल्या तारखेनंतरचे खाद्य आणि मर कंपनीच्या खात्यात. जिल्हा पशुसंवर्धन खात्याने एवढी ओळ असलेला मराठी करारनामा छापून दिला तरी पुष्कळ भांडणे शेडच्या बाहेरच मिटतील.

– कुक्कुटपालनाशी संबंधित काही पशुवैद्यक, नागपूर