बर्फाचा फोटो येतो, फावड्याचा येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या ख्रिसमसवर एक पान आलं होतं. बर्फ, लाइटिंग, लाल टोप्या घातलेली मराठी पोरं, सगळं छानच होतं, आमच्या हिने तर ते पान कात्रीने कापून ठेवलंय. पण त्यानंतर सोमवारी सकाळी फिरायला गेलो तर गल्लीतले तिघे वेगवेगळे भेटले आणि तिघंही तेच बोलले, "सर, तुमच्या पोराची मज्जा हाय बगा." म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण फावड्याचं तेवढं ठेवा.

मी निवृत्त मास्तर. मूळ खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पलीकडचा, आता बेळगावात टिळकवाडीत. मुलगा जर्मनीत म्युनिकच्या बाहेर एका लहान गावात राहतो, नोकरी शहरात. 2023 साली सुनेचं दुसरं बाळंतपण झालं, थोरली नात तेव्हा चार वर्षांची, म्हणून आम्ही दोघं नोव्हेंबरच्या मध्याला गेलो ते जानेवारीत परत आलो. व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांचा, त्याच्यापुढे एक दिवस जास्त नाही, आणि निदान 30,000 युरोचा मेडिकल विमा असल्याशिवाय व्हिसाच देत नाहीत. विम्याचे पैसे भरताना मी लई कुरकुर केली होती, ते पुढे येतंच.

तयारी आमच्या मते जय्यत होती. तिबेटी स्वेटरवाल्यांकडून दोन दोन स्वेटर, कानटोप्या, हिची शाल, डिंक, अळीव, सुंठ. दोन किलो कुंदा पण बांधून आणला होता, तो आदल्या रात्री मुलाने फोनवर बाहेर काढायला लावला, कारण आपल्याकडून युरोपात जाताना दुधाचे आणि मटणाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, सापडलं तर जप्त. कुंदा दुधाचाच. शेजाऱ्यांची दिवाळी झाली. आणि स्वेटर म्हणाल तर तिथे गेल्यावर कळलं की दोन जाड स्वेटरपेक्षा आत अंगाला चिकटून बसणारा पातळ थर, वर लोकरीचा आणि त्यावर वारा-पाणी न शिरणारं जाकीट हेच खरं, तिथले लोक त्याला कांदा म्हणतात, पापुद्र्यावर पापुद्रा. आपलं इरलं आणि घोंगडं हेच की. आम्ही कणकुंबीच्या पावसात वाढलेली माणसं, आम्हाला काय थंडी सांगता, असं मी विमानात हिला म्हणत होतो.

आधी त्रास झाला तो थंडीचा नव्हे, अंधाराचा. डिसेंबरात तिथे सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि सव्वाचार-साडेचारला मावळतो, मधे पण ढगच. नात शाळेतून, म्हणजे त्यांच्या बालवाडीतून, घरी येईस्तोवर दिवेलागण. हिने तिला शुभंकरोती म्हणायला बसवायची वेळ साडेचार ठेवली, तेव्हा बेळगावात रात्रीचे नऊ वाजलेले असायचे, कारण हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, माझी बहीण व्हिडिओ कॉलवर जांभया देत शुभंकरोती म्हणायची. सून दोन महिन्यांची बाळंतीण, दिवसभर घरात, खिडकीबाहेर करडं आभाळ, ती काही बोलायची नाही पण दुपारी तीनला एकदा उगाच दार उघडून उभी राहायची. नंतर कळलं उजेड बघायला.

आता बर्फाचं. 1 डिसेंबरला शुक्रवारी संध्याकाळी पडायला लागला आणि शनिवारी उठलो तर खाली लावलेल्या गाड्या दिसेनात, नुसते पांढरे ढिगारे. म्युनिकात 44 सेंटिमीटर बर्फ पडला, डिसेंबर महिन्यातला तिथला रेकॉर्डच म्हणे. विमानतळ बंद, ट्राम बंद, बसेस बंद, गावात येणारी लोकल बंद, फुटबॉलची मोठी मॅच रद्द. आम्ही दोघं खिडकीला नाक लावून बसलो होतो, खरं सांगतो, फार सुंदर दिसत होतं. मी लगेच चाळीस फोटो काढले आणि बेळगावच्या ग्रुपवर टाकले. म्हणजे त्या "मज्जा हाय" मधे माझाही हात आहे.

फोटो टाकून वळलो तर मुलगा घरात नाही. खाली बघितलं तर डोक्याला दिवा लावून फावडं चालवतोय. प्लास्टिकचं, रुंद, सुपासारखं पातं असलेलं. मला वाटलं हौस म्हणून. तर तसं नाही. तिथला नियम असा की घरासमोरचा फुटपाथ साफ ठेवायची जबाबदारी घरमालकाची, आणि बहुतेक मालक ती अ‍ॅग्रीमेंटमधे भाडेकरूवर टाकतात. यांच्या बिल्डिंगमधे तीन कुटुंबं, प्रत्येकाला एकेक आठवडा, जिन्यात पाटी फिरते. म्युनिककडे कामाच्या दिवशी सकाळी 7 वाजता रस्ता चालण्याजोगा पाहिजे, रविवारी 8 वाजता, आणि रात्री 8 पर्यंत परत परत पडला तर परत परत काढायचा. नुसता काढून भागत नाही, वर बारीक खडी टाकायची, आपल्याकडे डांबरकामाला वापरतात तसली, कारण मिठाने झाडं मरतात म्हणून बऱ्याच शहरांत घरगुती लोकांना मीठ टाकायला बंदी. आणि तुमच्या वाट्याच्या तुकड्यावर कोण घसरून पडला तर नुकसानभरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते. हा पोरगा सात वर्षं तिथे राहतोय, दर हिवाळ्यात साडेपाचला उठून हे करतोय आणि मग ऑफिसला जातोय, आणि आम्हाला व्हिडिओ कॉलवर काय दाखवायचा तर खिडकीतला बर्फ आणि नातीने केलेला बर्फाचा बाहुला. मी विचारलं, "कधी सांगितलं नाहीस रे?" तर म्हणाला, "त्यात काय सांगायचं बाबा." (जाता जाता, आपल्याकडे बर्फ नाही पण घरासमोरचा फुटपाथ माझा, हा नियम टिळकवाडीत कोणी लावून बघावा, अर्धे फुटपाथ आधी शोधायला लागतील.)

मी पण दुसऱ्या दिवसापासून खाली उतरलो, कारण माझ्याच्याने बघवेना. पंधरा मिनिटांत पाठ धरली. मऊ बर्फ हलका असतो हो, पण थोडा वितळून परत गोठला की तो फरशीसारखा बसतो, फावडं त्यावर नुसतं टणटण वाजतं.

सोमवारी, 4 तारखेला, मुलाबरोबर कामासाठी शहरात जायला स्टेशनवर गेलो, लोकलचा पत्ता नाही, दीड तास प्लॅटफॉर्मवर. त्याच दिवशी इकडे बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं होतं, म्हणून मी शेजारच्या कन्नड काकांना फोन लावून रस्ते कुठले बंद आहेत ते विचारत होतो, उगाच आपलं, सवय. फोन ठेवला तर बाजूला नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला एक माणूस, "याव ऊर री निम्दु?" म्हणजे गाव कुठलं तुमचं? धारवाडचा निघाला! मग काय, दीड तास कुठे गेला कळलं नाही. तो कन्नडमधून, मी मोडक्या कन्नडमधून, माझा मुलगा मधेच मराठीतून. त्याने बॅगेतून शेंगदाण्याची चटणी काढून दाखवली, घरून आलेली, ऑफिसच्या डब्यासाठी. बेळगावात त्या आठवड्यात मराठी-कन्नड वादाच्या पाट्या, मेळावे, बंदोबस्त, आणि इथे उणे सात डिग्रीत आम्ही दोघं एका बाकावर. तिथल्या मराठी मंडळात मात्र मला एकाने विचारलंच की तुम्ही बेळगावचे म्हणजे नक्की कुठले. पासपोर्टवर कर्नाटक, बोलणं मराठी, हे पुण्याच्या माणसाला समजावता समजावता माझा चहा गार झाला.

आणि मंगळवार 5 डिसेंबर. रात्री पाऊस पडला, साधा पाऊस, पण जमीन शून्याच्या खाली, त्यामुळे पाणी पडलं तिथेच काच झाली, काळा बर्फ म्हणतात तो हाच. विमानतळ परत दुपारपर्यंत बंद. मला हे काही माहीत नाही. सकाळी कचरा टाकायला खाली गेलो, रस्ता नुसता ओला दिसत होता, म्हटलं चला बर्फ वितळला. दुसऱ्या पावलाला मी आडवा. आपल्याकडे जांभ्या दगडावर शेवाळ धरतं ते हिरवं तरी दिसतं, माणूस जपून पाय टाकतो, हे दिसतच नाही. मनगट एवढं सुजलं. दवाखान्यात गेलो तर तिथे माझ्यासारखे घसरलेले रांगेने बसलेले, कोणाचा पाय, कोणाचं कोपर, चार तास लागले. हाड मोडलं नव्हतं. बिलाचे पैसे नंतर विम्यातून मिळाले आणि ही मला आजतागायत त्यावरून ऐकवते. बेळगावात बहिणीला आम्ही काही कळवलं नाही. पंधरा दिवस व्हिडिओ कॉलवर मी डावाच हात दाखवत होतो. मुलाला बोललो होतो की सांगितलं नाहीस, आणि मी तेच केलं.

समोरच्या घरात एक म्हातारी बाई, ऐंशीच्या घरातली, त्याच काचेवरून ब्रेड आणायला चाललेली, बुटांवरून लोकरीचे मोजे चढवलेले! मोजे बुटाच्या आत नाही, वर. लोकर बर्फाला धरते. मला हातवारे करून शिकवलं, पावलं लहान टाक, पाय पुरता सपाट ठेव, अंगाचा भार पुढच्या पायावर, खिशात हात घालू नको. पेंग्विनसारखं. नात आमच्या मागून पेंग्विन पेंग्विन करत चालायची.

त्या नातीला बालवाडीला तयार करणं हा एक वेगळाच उद्योग. आतले कपडे, लोकरीचे कपडे, वर अख्ख्या अंगाचा बर्फाचा सूट, बूट, टोपी, हातमोजे, वीस मिनिटं लागतात, आणि शेवटची चेन लावली की "आजी, शू." बाहेर उणे आठ असलं तरी मुलांना रोज अंगणात खेळायला काढतात, आमची ही पहिल्या दिवशी ते बघून रडायच्या बेताला आली होती. घरात पण शिस्त, थंडी कितीही असो दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच मिनिटं हवा आत घ्यायची, नाहीतर भिंतींना बुरशी येते, आणि आपल्या भाताच्या-आमटीच्या वाफेने तर लवकरच. हिने पहिल्यांदा मिरची-लसणाची फोडणी दिली तेव्हा छतावरचा धुराचा भोंगा वाजला.

सणाचं म्हणाल तर तो छान असतो, मी नाही म्हणत नाही. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार हिरव्या पानांच्या वेढ्यात दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची, त्या वर्षी पहिला रविवार 3 तारखेला, बाहेर सगळं ठप्प आणि घरात एक मेणबत्ती. 5 च्या रात्री मुलं बूट पुसून दाराबाहेर ठेवतात, सकाळी त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट. माझं मनगट बांधलेलं त्या रात्री नातीने माझा पण बूट ठेवला. सकाळी त्यात एक संत्रं आणि दुखण्यावरचं मलम. पण दुकानांचं बघा, त्या वर्षी 24 तारीख रविवारी आली आणि 25-26 सुट्टी, म्हणजे शनिवारी संध्याकाळी बंद झालेली दुकानं एकदम बुधवारी उघडणार. शनिवारी दूध, भाजी, बाळाचे डायपर यासाठी जी झुंबड होती ती बघून मला गणपतीच्या आदल्या दिवशीची गणपत गल्ली आठवली. आपल्या कॅम्पात ख्रिसमसच्या रात्री अकराला पण कुठेतरी चहा मिळतो.

तर संपादक साहेब, फोटोंचं पान छापू नका असं नाही म्हणत. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडची किती तरी आईबापं आता बाळंतपणाला तिकडे जाताहेत, आणि बहुतेक जण माझ्यासारखी दोन स्वेटर आणि कुंदा घेऊन निघतात. दिवाळीच्या आधी एक पान त्यांच्यासाठी काढा. काय न्यायचं, काय चालत नाही, बूट कुठले, विमा का, काळा बर्फ कसा ओळखायचा, हे त्या देशांत राहून आलेल्या लोकांकडूनच लिहून घ्या. कॅनडाला गेलेले आमच्याकडेच दोघे आहेत, त्यांची थंडी आमच्यापेक्षा मोठी, ते लिहितील. आणि फोटो मागवाल तेव्हा बर्फाबरोबर पहाटेचा पण एक मागवा.

आम्ही यंदा परत चाललोय. हिने माझ्यासाठी मोजे विणायला घेतलेत, बुटावरून चढतील एवढे, गल्लीत सगळ्यांना वाटतंय आजीचं माप चुकलं. मुलाला मी मेसेज केला होता की फावड्याचा एक फोटो पाठव, पेपरला लिहितोय. परवा आला. नवीन घेतलंय, लाल रंगाचं. जुन्याचा दांडा मोडला म्हणे.

आपला,
एक निवृत्त मास्तर,
टिळकवाडी, बेळगाव