सायकलच्या हँडलचाही विचार व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायकल विकत घेताना गिअर किती, ब्रेक डिस्कचे आहेत का, टायर केवढे जाड, हे सारे विचारले जाते. परंतु ज्याच्यावर आपले दोन्ही हात तासन्‌तास टेकलेले असतात, त्या हँडलच्या आकाराविषयी ग्राहक विचारत नाही आणि विक्रेताही आपणहून सांगत नाही. साठी ओलांडल्यावर मी पुण्यात पुन्हा नियमित सायकल चालवू लागलो, तेव्हा आडव्या, सरळ दांड्याच्या हँडलवर तासाभरातच करंगळी व अनामिका बधिर होऊ लागल्या. दुकानात विचारले असता ‘हातमोजे घाला, सवय होईल’ एवढेच उत्तर मिळाले. डॉक्टरांनी मात्र कारण दाखवून दिले: करंगळीच्या बाजूने मनगटातून तळव्यात उतरणारी अल्नर नस मुठीच्या भाराने दाबली जाते.

एक साधा प्रयोग वाचकांनी घरी करून पाहावा. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरून, डोळे मिटून, कोपरे सैल ठेवून, सायकलवर धरतो तसे हात पुढे करावेत. डोळे उघडल्यावर पेन्सिली एका सरळ रेषेत नसतात. त्यांची करंगळीकडची टोके आपल्या दिशेने वळलेली दिसतात. सरळ दांडा मनगटाला ही ठेवण सोडायला लावतो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळ्या, सळईच्या ब्रेकच्या सायकलींचे मागे वळलेले हँडल या ठेवणीला अधिक जवळचे होते, आणि ते जुनाट म्हणून टाकून देण्यात आपण घाई केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

तसे हँडल आजच्या सायकलला बसते, पण मापे पाहूनच घ्यावे. स्टेममध्ये, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्यात, पकडला जाणारा मधला भाग बहुधा २५.४ किंवा ३१.८ मिलिमीटरचा असतो, तो आपल्या स्टेमशी जुळला पाहिजे. मुठीकडचा भाग २२.२ मिलिमीटरचा असेल तर सरळ हँडलवरचेच ब्रेक आणि गिअरचे खटके त्यावर चढतात. शर्यतीच्या सायकलचे खाली वळलेले हँडल त्या ठिकाणी सुमारे २३.८ मिलिमीटरचे असल्याने तेथे ते चढत नाहीत, आणि व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब हातांचे ब्रेक) असलेल्या सायकलला त्या हँडलचे नेहमीचे ब्रेक लिव्हर पुरेशी तार ओढू शकत नाहीत. ही बाब सुरक्षिततेची आहे, म्हणून ती आवर्जून लिहितो.

मागे वळलेल्या हँडलमुळे हात बरेच जवळ येतात, त्यामुळे स्टेम थोडा लांब लागू शकतो, अन्यथा वळताना मूठ गुडघ्याला लागते. ब्रेकच्या केबल लांब घ्याव्या लागतील का, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. हँडलच्या मुठी प्रथम सीटच्या उंचीला आणून त्यांची मागची टोके किंचित खाली झुकवावीत, आणि पुढचे आठ-दहा दिवस एका वेळी एकच बदल करत जावे. माझे मनगट तिसऱ्या फेरबदलानंतर शांत झाले. सीटचे टोक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरते आणि कोणतेही हँडल हाताला आराम देऊ शकत नाही, म्हणून तेही तपासावे. जुन्या पद्धतीचा, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीत उतरणारा स्टेम वर घेताना त्यावरची किमान खोलीची खूण नळीच्या बाहेर दिसता कामा नये. बोल्ट स्टेमवर छापलेल्या मर्यादेइतकेच आवळावेत, आणि हँडलच्या नळीची उघडी टोके टोपणाने बंद करावीत, कारण पडताना ती अंगात घुसू शकतात.

उलट्या वाऱ्यात आणि उभे राहून चढ चढताना हे हँडल कमी पडते, हे मी नाकारत नाही. वेगासाठी सायकल चालवणाऱ्यांनी आपले हँडल बदलू नये. परंतु भाजी आणायला, कामावर किंवा सकाळी फिरायला निघणाऱ्यांसाठी दुकानदारांनी दोन-तीन आकारांची हँडले तरी ठेवावीत आणि नवी सायकल देताना पंधरा मिनिटे ग्राहकाला तिच्यावर बसवून हँडल लावून द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक ज्येष्ठ सायकलस्वार, पुणे